प्लॅस्टिकच्या पेटींत पत्रा कसा बसवावा ?



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहीं जणांस किंचित् नवल वाटेल. नभोवाणीवर काव्य, इतिहास, आरोग्य अशा थोर विषयांवर विद्वान् मंडळी बोलत असतां, एका निवृत्त शाळामास्तरानें प्लॅस्टिकच्या पेटींत पत्रा कोणत्या चिकट द्रव्यानें बसवावा यावर वेळ खर्च करावा, हें क्षुल्लक वाटणें साहजिक आहे. परंतु ज्या पेटीविषयीं मी बोलणार आहें, तिच्यांत आपल्या घरचे सातबाराचे उतारे असतात, मुलांचीं परीक्षेचीं प्रमाणपत्रें असतात, आजीचा शालू आणि आजोबांचीं पत्रें असतात. पेटीची किंमत दोन-चारशें रुपये. आंतल्या वस्तूंची किंमत कोण करणार? म्हणून पेटीची काळजी हा विषय वाटतो तितका लहान नाहीं.

पूर्वीं घरोघर पत्र्याची पेटी असे. ती जड होती, गंजत होती, आणि उघडतांना तिचा आवाज शेजाऱ्यांना ऐकूं जाई. पण उंदराची तिच्यापुढें मात्रा चालत नसे. आतां आमच्या जऊळक्यासारख्या वाशीम जिल्ह्यांतील लहान गांवापासून थेट मुंबईपर्यंत तिची जागा प्लॅस्टिकच्या पेट्यांनीं घेतली आहे. त्या हलक्या आहेत, गंजत नाहींत, आंत काय आहे तें बाहेरून दिसतें. तथापि दोन गुण त्यांच्यांत नाहींत. उंदराचे पुढचे दांत जन्मभर वाढत राहतात व ते झिजविण्यासाठीं त्याला सतत कुरतडावेंच लागतें. अशा दांतांपुढें प्लॅस्टिकचा कोपरा फार काळ टिकत नाहीं. दुसरें असें कीं, प्लॅस्टिकला लोहचुंबक धरीत नाहीं. शिवणकामाच्या सुया, कातर, लहान स्क्रू, अशा हरवणाऱ्या वस्तु चुंबकाच्या आधारानें झांकणाच्या आंतल्या बाजूस जागच्या जागीं ठेवण्याची सोय पत्र्याच्या पेटींत आपोआप होती, ती येथें नाहीं. या दोन कारणांसाठीं लोक आतां प्लॅस्टिकच्या पेटींत पत्र्याचें अस्तर बसवूं पाहतात. दुकानांतून सर्वांत महाग गोंद आणतात, भरपूर थापतात, रात्रभर वजन ठेवतात. आणि आठवड्याभरांत पत्रा सुटून पेटीच्या तळाशीं पडलेला आढळतो. मग दोष गोंदाला दिला जातो.

माझें आजचें सांगणें एवढेंच आहे कीं, हा दोष बहुधा गोंदाचा नसतो. चिकटणें हा एकट्या गोंदाचा गुण नव्हे. गोंद आणि ज्याला तो लावावयाचा तें पृष्ठ, या दोघांच्या स्वभावांचा तो मेळ आहे. लग्न जमवितांना आपण दोन्ही घरें पाहतों. येथेंहि आधीं पृष्ठ पहावें, मग गोंद निवडावा.

आपल्या जुन्या चिकट द्रव्यांकडे पहा. पतंगाला आणि वहीला गव्हाच्या पिठाची खळ, कागदाला बाभळीचा डिंक, सुताराच्या कामाला जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस, आणि मूठ बसवावयाची झाल्यास तापविलेली लाख. यांतील खळ, डिंक व सरस यांचें काम चालतें तें कागद व लांकूड यांच्या बारीक छिद्रांमुळें. द्रव्य त्या छिद्रांत शिरतें, त्यांतील पाणी लांकूड पिऊन टाकतें अथवा तें हवेंत उडून जातें, आणि मागें राहिलेल्या तंतूंची घट्ट पकड बसते. १९५९ सालीं मुंबईंत बळवंत पारेख यांनीं जो फेविकोल बाजारांत आणला व ज्यानें सुताराच्या सरसाची चूल विझविली, तो पांढरा गोंदहि पाणी उडून जाऊनच घट्ट होतो. आतां विचार करा : एका बाजूस पत्रा व दुसऱ्या बाजूस प्लॅस्टिक ! दोघांनाहि छिद्रें नाहींत. पाण्यानें जावें कोठें? असा सांधा मध्यभागीं कित्येक दिवस ओलाच राहतो, आणि ओलाव्यानें उलट पत्रा मात्र गंजूं लागतो. लांकडासाठीं उत्तम असलेलें द्रव्य येथें अगदीं निरुपयोगी ठरतें, आणि यांत त्या द्रव्याचा कांहींएक अपराध नाहीं.

आतां प्लॅस्टिकच्या स्वभावाकडे वळूं. प्लॅस्टिक हें एका पदार्थाचें नांव नसून एका मोठ्या कुळाचें नांव आहे. पेटी उलटी करून पहा. तळाशीं बाणांच्या त्रिकोणांत एक आंकडा कोरलेला बहुधा सांपडेल. ही पद्धति १९८८ सालीं अमेरिकेंत सुरू झाली. १ म्हणजे पाण्याच्या बाटल्यांचें पेट, २ व ४ म्हणजे पॉलिएथिलीनचे दोन प्रकार, ३ म्हणजे पी. व्ही. सी., ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, आणि ७ म्हणजे इतर सर्व. घरगुती पेट्या बहुतेक ५ किंवा २ या आंकड्यांच्या असतात. आंकडा नसेल तर पेटीचा एखादा तुटका तुकडा पाण्यांत टाकून पहावा. पॉलिएथिलीन व पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलकीं असल्यामुळें तरंगतात, पेट, पी. व्ही. सी. व पॉलिस्टायरीन हीं बुडतात.

पॉलिएथिलीन प्रथम हातीं आलें तें १९३३ सालीं, इंग्लंडांतील इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या प्रयोगशाळेंत. पॉलिप्रॉपिलीनचें उपयुक्त रूप इटलींत ज्युलिओ नात्ता यांनीं १९५४ सालीं सिद्ध केलें, व अशा संशोधनाबद्दल त्यांना जर्मनीचे कार्ल त्सीग्लर यांच्यासह १९६३ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. हे दोन्ही पदार्थ केवळ कर्ब आणि हायड्रोजन यांचे बनलेले, मेणाचे सख्खे भाऊ. मेणबत्तीवर पाण्याचा थेंब टाकला तर तो पसरत नाहीं, अळवाच्या पानावरच्या थेंबाप्रमाणें गोळा होऊन बसतो. आपल्या पेटीच्या आंतल्या बाजूस एक थेंब टाकून पहा, तसेंच दिसेल. शास्त्रज्ञ हें मोजून सांगतात. पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७३ मिलिन्यूटन प्रति मीटर आहे. पॉलिएथिलीनची पृष्ठशक्ति ३१ च्या आसपास, तर पॉलिप्रॉपिलीनची त्याहूनहि किंचित् कमी. द्रवाचा ताण पृष्ठाच्या शक्तीहून कमी असेल तरच तो द्रव त्यावर मोकळेपणानें पसरतो. पुष्कळशा गोंदांचा ताण या तिशीच्या वरचा असल्यामुळें ते या प्लॅस्टिकवर पसरत नाहींत; आणि जेथें गोंद पसरलाच नाहीं तेथें तो धरणार तरी कशाला ?

कोणी विचारील, मग दुधाच्या पिशवीवर शाई कशी टिकते ? तीहि पॉलिएथिलीनचीच असते. याचें उत्तर असें कीं, छापण्यापूर्वीं कारखान्यांत त्या पृष्ठावर विजेचा झोत सोडतात. त्यामुळें वरच्या थरांत प्राणवायूचे अणु जडतात, पृष्ठाची शक्ति वाढते, व शाई धरते. जाड वस्तूंवर हेंच काम गॅसच्या ज्योतीनें क्षणभर शेकून करतात. हा प्रयोग घरीं करूं नये. क्षणाचा अंदाज चुकला तर पेटीहि जाते आणि हातहि भाजतो. पण यावरून तत्त्व कळतें : पृष्ठाचा स्वभाव बदलल्यावांचून नुसता गोंद बदलून भागत नाहीं.

दुसरी अडचण उष्णतेची. आमच्या वऱ्हाडांत मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर जातो. दुपारीं आणि सूर्य मावळल्यावर पत्र्याचें छप्पर कडकडतें, तें ज्यांनीं ऐकलें असेल त्यांना धातु उष्णतेनें वाढते व थंडाव्यानें आकसते हें पुस्तकांतून शिकवावें लागत नाहीं. परंतु प्लॅस्टिक पत्र्याहून किती तरी अधिक वाढतें, हें फारसें कोणी लक्षांत घेत नाहीं. हिशेब सोपा आहे. ३० सेंटीमीटर लांबीची लोखंडी पट्टी उष्णता ३० अंशांनीं वाढली असतां सुमारें एकदशांश मिलीमीटर लांबते. तेवढीच पॉलिप्रॉपिलीनची पट्टी सुमारें एक मिलीमीटर लांबते. म्हणजे जवळजवळ दहापट ! अशा दोघांना दगडासारख्या कठीण गोंदानें बांधलें, तर रोज दुपारीं एक ओढणार आणि दुसरा अडणार. अखेर तो सांधा तुटणारच. पूर्वीं रेल्वेच्या रुळांत फट ठेवीत, ती याच कारणानें. येथें फट ठेवतां येत नाहीं. म्हणून मधलें द्रव्यच लवचीक हवें, घट्टपणाबरोबर थोडें लोटणारें हवें.

तिसरी गोष्ट ओढीच्या दिशेची. ३० सेंटीमीटर लांब, २० सेंटीमीटर रुंद व अर्धा मिलीमीटर जाड असा लोखंडी पत्रा अवघा सुमारें २३५ ग्रॅम भरतो. एवढें वजन पेलण्यास कोणताहि बरा गोंद समर्थ आहे. सांधा सुटतो तो वजनानें नव्हे, कडेनें. जखमेवरची चिकटपट्टी सरळ वर ओढली तर निघत नाहीं, पण एक टोक नखानें उचललें कीं सरसर निघते. पत्र्याचे टोकदार कोपरे हें असेंच उचलण्याचें टोक होय. म्हणून कोपरे गोल कापावेत, आणि चिकट द्रव्य अगदीं कडेपर्यंत पोंचवावें.

एवढी परीक्षा मनांत ठेवून आतां बाजारांतील द्रव्यें एकेक करून पाहूं.

क्षणांत चिकटणारा पातळ गोंद, ज्याला फेविक्विक् या नांवानें सर्व ओळखतात, तो सायनोॲक्रिलेट जातीचा. अमेरिकेंत हॅरी कूव्हर यांना हें द्रव्य १९४२ सालीं युद्धकाळच्या प्रयोगांत आढळलें. हातांतल्या प्रत्येक वस्तूला तें चिकटे म्हणून तेव्हां त्यांनीं तें टाकून दिलें, आणि १९५८ सालीं तेंच बाजारांत आलें. अशा सर्वांना चिकटणाऱ्या द्रव्यालाहि ५ क्रमांकाचें प्लॅस्टिक दाद देत नाहीं. पॉलिप्रॉपिलीनसाठीं निराळें पूर्वलेपन, म्हणजे प्रायमर, आधीं लावला तर पकड बसते. तथापि सांधा कांचेसारखा कठीण व ठिसूळ होतो. लहानशा तुकड्याला चालेल, हातभर पत्र्याला नाहीं.

दोन नळ्यांतील द्रव्यें मिसळून करावयाचा इपॉक्सी गोंद, उदाहरणार्थ स्वित्झर्लंडांत १९४० च्या दशकांत निघालेला अरॅल्डाइट, धातूला अप्रतिम धरतो. पॉलिस्टायरीन किंवा कठीण पी. व्ही. सी. यांवर, पृष्ठ खरवडून घेतलें तर, तो चांगलें काम देतो. पण मेणकट प्लॅस्टिकवरून तो वाळल्यावर पापुद्र्यासारखा सुटून येतो. हातानें मळून लावावयाच्या एम्-सीलची जातहि तीच.

चपला-जोड्यांना लावतात तो पिवळसर रबरी गोंद लवचीक असतो, हा त्याचा मोठा गुण. तो दोन्ही पृष्ठांवर पातळ लावून, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबून, मग जोडावयाचा असतो. घाई केली तर आंतला द्रावक कोंडून राहतो. मात्र हा द्रावक ६ क्रमांकाच्या पॉलिस्टायरीनला खाऊन टाकतो, त्याचा वास डोकें चढवितो व तो चटकन् पेट घेतो. खिडक्या उघड्या व चूल विझलेली असल्याशिवाय त्याची डबी उघडूं नये.

सिलिकोन हा फटी बुजविण्याचा पदार्थ लवचीक आहे व उष्णतेला भीत नाहीं. पण त्याच्या ज्या प्रकाराला शिरक्याचा वास येतो, त्यांतून वाळतांना ॲसेटिक आम्ल सुटतें आणि तें पत्र्यावरचा जस्ताचा मुलामा खातें. पत्र्यासाठीं घ्यावयाचाच तर उदासीन प्रकारचा, म्हणजे आम्ल न सोडणारा घ्यावा. मेणकट प्लॅस्टिकवर मात्र याचीहि पकड दुबळीच. पिस्तुलांतून वितळवून सोडावयाचा गरम गोंद थंड पत्र्याला लागतांच पसरण्यापूर्वींच गोठतो, आणि उन्हाळ्यांत पुन्हां मऊ पडतो. म्हणून त्याचाहि येथें भरंवसा नाहीं.

राहिली दोन्ही बाजूंनीं चिकट असलेली ॲक्रिलिक फेसाची पट्टी. ही पट्टी सुमारें एक मिलीमीटर जाड व रबरासारखी लोटणारी असल्यामुळें मघां सांगितलेली उष्णतेची ओढाताण स्वतःच्या अंगावर घेते. साधी स्वस्त पट्टी नको. जिच्या वेष्टनावर पॉलिप्रॉपिलीन किंवा कमी पृष्ठशक्तीच्या प्लॅस्टिकसाठीं म्हणून स्पष्ट लिहिलें असेल तीच घ्यावी, आणि ती विकणाऱ्या कंपनीनेंच सांगितलेला प्रायमर प्लॅस्टिकच्या बाजूस लावावा. घरगुती पेटीसाठीं, चिकटविण्याचाच हट्ट असेल तर, माझी शिफारस हीच.

कृति अशी. पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला घ्यावा. अॅल्युमिनियमला चुंबक धरीत नाहीं, आणि स्टेनलेस स्टीलच्या कित्येक जातींनाहि नाहीं, म्हणून खिशांत एक लहान चुंबक घेऊनच दुकानांत जावें. पत्र्याच्या कडा कानसीनें घासून बोथट कराव्या. नव्या पत्र्यावर तेलाचा अदृश्य थर असतो. तो औषधाच्या दुकानांत मिळणाऱ्या स्पिरिटनें, स्वच्छ पांढऱ्या फडक्यानें, फडकें मळेनासें होईपर्यंत पुसावा. आपल्याकडे पुसण्यासाठीं सर्रास रॉकेल घेतात, तें येथें वर्ज्य. तें स्वतःच मागें तेलकट थर ठेवतें. प्लॅस्टिकची बाजू बारीक काचकागदानें हलकी घासून पुन्हां स्पिरिटनें पुसावी, प्रायमर सांगितला तितका वेळ वाळूं द्यावा, मग पट्टी कडेनें चौकोनासारखी व मधें एक-दोन ओळी अशी लावून, पत्रा ठेवून, लाटण्यानें पोळी लाटावी तसा जोर देऊन दाबावा. थंडीच्या पहाटे हें काम करूं नये. २० ते ३५ अंशांची दुपार उत्तम. पूर्ण पकड येण्यास सुमारें तीन दिवस लागतात, तोंवर त्यावर भार घालूं नये. घाईनें ओढून पाहणारा मनुष्य बी उकरून पाहणाऱ्या मुलासारखा होय.

परंतु श्रोतेहो, प्रत्येक सांधा चिकटवूनच केला पाहिजे असा नियम नाहीं. उंदराच्या बंदोबस्तासाठीं मी तर गोंदाऐवजीं रिव्हेट किंवा लहान नटबोल्टच सुचवीन. उंदीर सपाट भिंतीवर दांत चालवूं शकत नाहीं. त्याला कड, कोपरा किंवा भोंक लागतें. तेव्हां सबंध पेटीला अस्तर न लावतां कोपरे, तोंडाची कड आणि मुठीजवळची भोंकें एवढींच पत्र्यानें झांकलीं तरी पुरें. पत्रा काटकोनांत वांकवून कोपऱ्यांत बसविला तर दोन भिंती त्याला आपोआप धरतात. एक भोंक नेमकें गोल ठेवावें, बाकीचीं थोडीं लांबट. म्हणजे उन्हाळ्यांत प्लॅस्टिकला सरकावयास वाव राहतो. प्लॅस्टिकच्या बाजूस रुंद वायसर घालावा, नाहीं तर भोंकापासून चीर जाते. असा पत्रा पुढें काढतांहि येतो, गंजला तर बदलतांहि येतो. चिकटविलेला पत्रा काढावयाचा म्हणजे बहुधा पेटीच मोडावी लागते.

शेवटीं तीन इशारे. पहिला : ज्या पेटींत धान्य, पीठ, चिंच, लोणचें किंवा मीठ ठेवावयाचें, तिच्या आंत गोंद किंवा जस्ताचा पत्रा लावूं नये. आंबट-खारट पदार्थ जस्ताला खातात, आणि गोंदाचा वास अन्नांत उतरतो. अन्नाच्या पेटीला पत्रा लावावयाचा तो बाहेरून. दुसरा : सुयांच्या पेटींतील बारीक, झगझगीत चुंबक लहान मुलांच्या हातीं लागूं देऊं नयेत. असे दोन चुंबक पोटांत गेले तर आंतड्यांच्या घड्या मधें धरून ते एकमेकांस ओढतात व आंतड्यास भोंक पाडतात. तशी शंका जरी आली, तरी घरगुती उपाय न करतां तत्काळ डॉक्टरांकडे जावें. तिसरा : महत्त्वाचे कागद पत्र्याला टेकून ठेवूं नयेत. पावसाळ्यांत पत्र्यावर दंव धरतें. मधें एक जाड पुठ्ठा अथवा कापड असावें.

आम्हीं शाळेंत मुलांना शिकवीत असूं कीं, उत्तर लिहिण्यापूर्वीं प्रश्न दोनदां वाचावा. दुकानांत गेल्यावर आपण प्रथम विचारतों, सर्वांत घट्ट गोंद कोणता ? हा प्रश्न अपुरा आहे. कोणत्या प्लॅस्टिकला, कोणत्या धातूला, किती उष्णतेंत, कोणत्या दिशेच्या ओढीला, आणि पुढें कधीं काढावयाचा आहे काय, एवढें विचारलें कीं प्रश्न पुरा होतो. आज घरीं एखादी पेटी उलटी करून तिचा आंकडा वाचावा, आणि आंतल्या बाजूस पाण्याचा एक थेंब टाकून पहावा, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.